मदत हवी आहे: सायक्लोन लावूनही व्हॅक्यूमची पिशवी भुशाने भरतेच

पार्किंगमधला सुतार

नमस्कार मंडळी,

नोकरी संपल्यावर पार्किंगमधल्या बंद खोलीत सुतारकाम सुरू केलं. जागा १० बाय १२ फूट. एक टेबलसॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), एक राउटर (लाकडात खाचा पाडणारं यंत्र), एक गोल फिरणारा सँडर (पॉलिश पेपरने घासणारं यंत्र). लाकूड बहुतेक जुन्या दारं-खिडक्यांचं सागवान, आणि नातेवाइकांना स्वस्तात काही हवं असलं की एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी).

भुसा ओढायला घरातलाच जुना व्हॅक्यूम क्लीनर वापरतो. १४०० वॅटचा, ३२ मिमीची नळी, आत कापडी पिशवी आणि तिच्यामागे कागदी फिल्टर. तासाभरात पिशवी लिंपली जायची, ओढ मरायची आणि मोटरला जळका वास यायला लागायचा. म्हणून प्लॅस्टिकचा तयार सायक्लोन मागवला. तोच तो, वर रुंद आणि खाली निमुळता शंकू, जो करवत आणि व्हॅक्यूम यांच्यामध्ये बसतो आणि भुसा आधीच खालच्या डब्यात पाडतो.

पहिल्यांदा तो १५ किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसवला. नळीचं तोंड चुकून फळीला चिकटलं आणि डबा धाडकन आत बसला. सौ. वरच्या मजल्यावरून खाली धावत आल्या. आता रंगाची २० लिटरची गोल बादली घेतली आहे. झाकणाला भोक पाडून सायक्लोन चार स्क्रूंनी आवळला, भोवती सिलिकॉन फिरवलं.

अडचण अशी की निम्माच भुसा बादलीत पडतो. उरलेला पूर्वीसारखाच पिशवीत. बादलीच्या बाजूही मधूनमधून आत खेचल्या जातात. ज्यांच्याकडे ही जोडणी आहे ते सांगतात की पिशवीत जवळजवळ काही जात नाही. मग माझं कुठे चुकतंय? सायक्लोनच स्वस्तातला आणि कुचकामी आहे का?

गिरणीकर

उलटं जोडलंय का? बाजूचं तोंड करवतीकडे, वरचं तोंड व्हॅक्यूमकडे. माझ्या भाच्याने दोन महिने उलटं चालवलं होतं.

पार्किंगमधला सुतार

नाही हो, ते बरोबर आहे. दोनदा तपासलं.

मेकॅनिकल_७८

काका, सायक्लोनला शिव्या देऊ नका, बादलीचं झाकण तपासा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला ९० टक्के तिथेच गळती दिसते.

का ते सांगतो. हवा बाजूने भिंतीला घासून आत शिरते आणि गोल गोल फिरत खाली उतरते. भुशाचा कण हवेपेक्षा जड, त्याला वळण घेता येत नाही, तो भिंतीवर फेकला जातो आणि घसरत खालच्या तोंडातून बादलीत पडतो. हवा मात्र तळाशी उलटी वळते आणि मधल्या पोकळीतून वरच्या नळीने निघून जाते. कोकणात भाताच्या गिरणीमागे पत्र्याचा मोठा उलटा शंकू उभा असतो, तो हेच काम करतो. त्यात फिल्टर नाही, फिरणारा भाग नाही.

आता यातली मेख. सायक्लोनचं खालचं तोंड आणि बादली, दोन्हीकडे दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. झाकणाच्या कडेला केसाएवढी फट असली तरी बाहेरची हवा तिथून आत घुसते. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट एकच, शंकूच्या तोंडातून वर. म्हणजे ज्या वाटेने भुसा खाली यायचा, त्याच वाटेने उलटा वारा सुटतो आणि पडलेला भुसा पुन्हा उचलून पिशवीत नेऊन टाकतो. नळीच्या जोडावर गळती असली तर ओढ थोडी कमी होते, तेवढंच. बादलीला गळती असली तर सगळं मुसळ केरात.

रंगाच्या बादलीचं झाकण रंग सांडू नये म्हणून बनवलेलं असतं, हवा अडवायला नाही. त्यात तुम्ही ते दोनचार वेळा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढलेलं असणार.

तपासायची रीत सोपी: बादली पूर्ण रिकामी करा, व्हॅक्यूम चालू करा आणि पेटलेली उदबत्ती झाकणाच्या कडेने, स्क्रूंच्या डोक्यांजवळून हळू फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे गळती. बादलीत आणि खोलीत भुसा असताना हा उद्योग करू नका, आधी झाडून घ्या.

आणि बादली आत का खेचली जाते ते: अशा व्हॅक्यूमची नळी पूर्ण बंद झाली तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा १५ ते २० किलोपास्कलने (दाबाचं माप) कमी होतो. २९ सेंमी व्यासाच्या झाकणावर १७ किलोपास्कल धरले तर ११० किलोच्या वर भार येतो. सिमेंटच्या दोन गोण्या झाकणावर ठेवल्या असं समजा. तेलाचा डबा चौकोनी, सपाट पत्र्याचा, तो काय टिकणार. गोल भांडं जास्त सोसतं. त्यावर उपाय म्हणजे तशीच दुसरी बादली घेऊन एकीत एक बसवा. किंवा १२ मिमी प्लायचं कडं कापून आतून मधोमध अडकवा.

शिसवी

वरचं सगळं पटलं. पण सुतारकाका, तुम्ही एमडीएफ आणि सँडर लिहिलंय, म्हणून वेगळं सांगते.

करवतीचा भुसा आणि रंध्याच्या ढलप्या सायक्लोन मस्त पकडतो. सँडरमधून निघतं ते पीठ. कण जितका बारीक तितका तो हवेबरोबर वळतो, भिंतीपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे गळती बंद केल्यावरही सँडिंगची थोडी धूळ पिशवीत जाणारच. तो बिघाड नाही. तिच्यासाठीच मागची पिशवी आणि फिल्टर ठेवायचे. सायक्लोन आला म्हणून फिल्टर काढून टाकणारे मी पाहिलेत. बादली भरलेली, आणि व्हॅक्यूमच्या मागून सगळं पीठ खोलीभर.

फुप्फुसात जातं ते हेच पीठ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. सागाच्या धुळीने मला स्वतःला अंगावर पुरळ येतं. बंद खोलीत सँडिंग करताना एन-९५ मास्क लावाच, दार उघडं ठेवा. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही.

अजून एक: याच नळीवर कधी लोखंडाचा ग्राइंडर लावू नका. एक ठिणगी बादलीतल्या भुशात पडली तर ती तासभर आत धुमसत राहते, आणि आपण शटर ओढून जेवायला घरी गेलेलो असतो.

गिरणीकर

आमच्याकडचा शंकू आजोबांच्या वेळचा आहे. खालचं पोतं जरा सैल बांधलं की कोंडा थेट छपरावर, हे लहानपणापासून बघतोय. पण त्याचं कारण आज कळलं!

शंकूवाला

मी रस्त्यावरच्या केशरी शंकूचा सायक्लोन केला आहे (दुकानातून विकत आणलेला, उचललेला नाही), त्या अनुभवातून दोन शब्द.

नळी ३२ मिमीची आणि सायक्लोनचं तोंड बहुधा ५० मिमीचं. क्षेत्रफळ जवळजवळ अडीचपट झालं, म्हणजे आत शिरताना हवेचा वेग ४० टक्क्यांवर आला. कणाला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गावर ठरतो, त्यामुळे तो सहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून घरगुती व्हॅक्यूमवर मोठ्या तोंडाचा सायक्लोन सुस्त वाटतो. माझ्याकडे तोंडाच्या आत लाकडाची पाचर बसवून वाट अरुंद केली तेव्हा फरक पडला. पाचर बाहेरच्या भिंतीला नाही, आतल्या बाजूला बसवा, म्हणजे हवा भिंतीला घासूनच शिरेल.

नळी लांब ठेवू नका. वळ्यांच्या नळीत ओढ फार वाया जाते. मशीनपासून सायक्लोनपर्यंत एक-दीड मीटर पुरे. आणि बादली दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. भुसा शंकूच्या तोंडाजवळ आला की भोवरा तो परत उचलतो.

पार्किंगमधला सुतार

सगळ्यांचे आभार. काल दिवसभर यावरच होतो, अहवाल देतो.

उदबत्ती फिरवली. देवघरातली घेतली म्हणून बोलणी खाल्ली, पण धूर एकदम तीन ठिकाणी आत गेला. झाकणाच्या कडेला हाताच्या पंजाएवढ्या लांबीची फट, जिथे मी खरोखरच स्क्रू-ड्रायव्हर घालत होतो. दोन स्क्रूंच्या खाली. आणि गंमत म्हणजे सिलिकॉन जिथे जाड फासलं होतं तिथेच, कारण ते प्लॅस्टिकला धरलंच नव्हतं, सालीसारखं निघून आलं.

सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी झाकणाच्या खाचेत गोल बसवली. सायक्लोनच्या बुडाखाली त्याच ट्यूबचं वॉशर कापून घातलं आणि स्क्रूंऐवजी नट-बोल्ट लावले, आतून मोठे वॉशर. बादलीत दुसरी बादली घातली. झाकण आता हाताने दाबून बसतं आणि व्हॅक्यूम चालू झाला की आपोआप घट्ट होतं.

पाचर अजून केलेली नाही. मुद्दाम थांबलो, नाहीतर कशाने फरक पडला ते कळलं नसतं.

सागाच्या सहा फळ्या चिरल्या, वर राउटरने खाचा पाडल्या. बादलीत साधारण अर्धी बादली भुसा. पिशवी उलटी करून वर्तमानपत्रावर झटकली तर चहाचा कपभरही निघालं नाही. सँडर चालवल्यावर मात्र शिसवीताईंनी सांगितलं तसंच, पांढरं पीठ पिशवीला चिकटलेलं. मास्क आणला आहे.

एक नवीन प्रश्न: काल संध्याकाळी नळीला हात लागला की चटका बसत होता. मोटरचा करंट उतरतोय की काय?

मेकॅनिकल_७८

एकदाच चट्ट करून बसतो की हात ठेवला तर सतत झिणझिण्या येतात? सतत येत असतील तर व्हॅक्यूम लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. एकदाच बसत असेल तर ती स्थिर वीज आहे. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या नळीतून भुसा घासत गेला की साठते, पावसाळ्यात जाणवणारही नाही. नळीभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळा आणि तिचं टोक टेबलसॉच्या लोखंडी सांगाड्याला बांधा. सांगाड्याला अर्थिंग आहे ना ते आधी टेस्टरवाल्याकडून बघून घ्या, तीन पिनांची प्लग आहे एवढ्यावर विसंबू नका.

पार्किंगमधला सुतार

एकदाच बसतो, चट्ट करून. तार उद्या लावतो. पाचर रविवारी. दसऱ्याच्या आत हा व्हॅक्यूम घरच्या साफसफाईला परत द्यायचा आहे, तोपर्यंत जेवढं शिकता येईल तेवढं शिकून घेतो. पुढे कार्यशाळेसाठी वेगळा कोणता घ्यावा यासाठी दुसरा धागा काढेन.