मृगाच्या आत गच्चीचं काम: मोठ्या झालेल्या मुलांना हाताशी कसं घ्यावं?

खैरणेकरीण | ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्याला आमचं सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे. वर गच्ची, साधारण ३०० चौरस फूट. गेली दोन वर्षं पावसाळ्यात वरच्या खोलीचं छत गळतंय. सुरुवात खिडकीवरच्या कोपऱ्यातून होते आणि पिवळा डाग पंख्याच्या हुकापर्यंत सरकत येतो. भिंतीला लोणा धरलाय, हात फिरवला की पांढरी पूड हाताला लागते. गेल्या वर्षी एका कंत्राटदाराला काम दिलं होतं. त्याने एका दुपारीत काळं काहीतरी फासलं, पैसे घेतले, आणि पहिल्याच मोठ्या सरीत पाणी त्याच कोपऱ्यातून आत आलं.

आमच्या घरी गच्ची म्हणजे ह्यांचं काम. दर मे महिन्यात शेवाळ खरवडायचं, भेगा भरायच्या, चुना मारायचा, सगळं स्वतः. मुलं शाळेत होती तेव्हा हाताखाली असायची. दीड वर्षापूर्वी ह्यांची बायपास झाली, तेव्हापासून घरच्या कुणी गच्चीला हात लावलेला नाही.

आता मुलगी डोंबिवलीला आहे, तिला दोन लहान मुलं. मुलगा-सून पुण्याला. बोलावलं तर येतील हे मला पक्कं माहीत आहे, पण बोलवायचं कसं तेच सुचत नाही. फोनवर 'जमलं तर बघा हं' एवढंच तोंडून निघतं आणि मीच विषय बदलते. दुसरी काळजी ह्यांची. मुलांनी सगळं हातात घेतलं आणि ह्यांना खाली खुर्चीत बसवलं, तर ते ह्यांच्या जिवाला लागेल.

१ मे शुक्रवारी येतोय. त्या तीन दिवसांत गच्ची, छत आणि वरच्या खोलीचा रंग असं सगळं उरकावं असा विचार आहे. मुलांना नक्की कोणतं काम द्यावं, कोणतं माणूस लावून करून घ्यावं? ज्यांनी घरच्या घरी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

साइटवरचा_माणूस | ९ एप्रिल

काकू, मी ठाण्यात साइट सुपरवायझर आहे, वीस वर्षं हेच काम करतोय. सगळ्यात आधी सांगतो ते ऐका: मे महिन्यात छत रंगवू नका. आत्ता वरून पाणी थांबवलं तरी स्लॅबमध्ये आणि गिलाव्यात मुरलेली ओल निघायला वेळ लागतो. लोण्यावर लांबी (पुट्टी) आणि रंग चढवला की दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि सगळे पैसे पाण्यात. मे महिन्यात फक्त गच्ची. छत आणि भिंती नुसत्या खरवडून, कोरड्या ब्रशने झाडून तशाच उघड्या ठेवा. एक पावसाळा जाऊ द्या. डाग वाढला नाही की नवरात्रानंतर, दिवाळीच्या आधी रंग काढा.

मुलांना घेऊन चढण्याआधी वरच्या खोलीचं छत नीट बघा. कुठे गिलावा पडून गंजलेली सळई दिसते आहे का? सळईच्या रेषेत सरळ भेग गेली आहे का? तसं असेल तर घरच्यांनी हात लावायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तसं नसेल तर गच्चीचं काम घरची चार माणसं नक्की करू शकतात. अवघड असं त्यात फार काही नाही, फक्त जिवाच्या कराराने करावं लागतं, आणि रोजावरचा परका माणूस कंटाळतो तो तिथेच.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी गच्ची पूर्ण मोकळी करायची. कुंड्या, जुने पाइप, पत्र्याचे तुकडे, सगळं खाली. मग तारेच्या ब्रशने शेवाळ आणि गेल्या वर्षीचं ते काळं, जेवढं सुटतंय तेवढं काढायचं. झाडून घ्यायचं आणि पाण्याने धुवायचं. धुताना पाणी कुठे तुंबतं ते बघून खडूने गोल काढून ठेवा. पावसाळी पाइपचं तोंड साफ करा. निम्म्या गळत्या उतार बिघडल्याने आणि तोंडाशी पाला साचल्याने होतात.

दुसऱ्या दिवशी भेगा. बारीक भेग तशीच भरली तर मसाला वरच्या वर राहतो, म्हणून छिन्नीने इंग्रजी व्हीसारखी उघडायची, धूळ झाडायची, मग पॉलिमर घातलेल्या सिमेंटने दाबून भरायची. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे आम्ही कोपरा गोलसर करतो, त्याला वाटा म्हणतात. तो वाटा जिथे फुटलाय तिथे नवा करून घ्या. हे काम गवंड्याचं, एका दिवसाच्या रोजावर गवंडी बोलवा.

भरलेला मसाला आठवडाभर रोज पाणी मारून पिकू द्या. पुढच्या आठवड्यात, म्हणजे ९-१० मेला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा. पहिला उभा, दुसरा आडवा. वाट्यावर आणि मोठ्या भेगांवर पहिल्या हातात फायबरची जाळी बसवा. मे महिन्यात स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो आणि हात ओढायच्या आत माल सुकतो, म्हणून सकाळी दहापर्यंत आणि मग उन्हं कलल्यावरच. दोन हातांत किती तास सोडायचे ते डब्यावर असतं, ते पाळा.

---

सानपाड्याची_लेक | १० एप्रिल

काकू, मी तुमच्या मुलीच्या जागेवरून लिहितेय.

माझी आईही अगदी असंच म्हणते, 'तुला वेळ असेल तर ये'. मला कधीच कळत नाही की तिला खरंच गरज आहे की नुसतं विचारतेय. मग मी 'बघते' म्हणते, तिला वाटतं मी टाळतेय, आणि आम्ही दोघी आपापल्या घरी वाईट वाटून घेत बसतो. तुम्ही सरळ सांगा. 'गच्ची गळतेय, बाबांना आता झेपत नाही, १ ते ३ मे आणि ९-१० मे मला तुम्ही दोघं इथे हवेत.' तारीख, काम आणि कधी मोकळे होणार, एवढं कळलं की आम्ही रजा टाकू शकतो, मुलांची सोय करू शकतो. आजच सांगा, म्हणजे पुण्याहून येणाऱ्यांना गाडीची तिकिटंही मिळतील.

आणखी एक. 'हे धर, ते आण' असं करू नका. चाळिशीकडे आलेल्या माणसाला त्यात जीव वाटत नाही. एक अख्खं काम एकाच्या अंगावर टाका. सामान कुठून, किती, काय भावाने, हा हिशोब एकाकडे. गच्ची मोकळी करून धुणं दुसऱ्याकडे. आम्ही गेल्या वर्षी माहेरची खोली रंगवली तेव्हा मी एक भिंत मन लावून केली होती. मी घरी परतल्यावर बाबांनी त्यावर स्वतः पुन्हा एक हात मारला. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण महिनाभर मला ते सलत होतं. मुलांचं काम पटलं नाही तर ती तिथे असतानाच बोला.

आणि सुनेला विचारा तिला काय करायला आवडेल. आपसूक तिच्याकडे स्वयंपाकघर जाऊ देऊ नका. त्या तीन दिवसांत डबा लावा किंवा पिठलं-भात करा, कुणाचं काही अडत नाही.

---

वर्तकनगरकर | १० एप्रिल

वहिनी, माझंही वय ६८ आणि माझ्याही छातीवर तोच टाका आहे. तुमच्या मिस्टरांची बाजू मला जवळून माहीत आहे म्हणून लिहितो.

त्यांना खुर्चीत बसवू नका आणि 'देखरेख करा' असंही म्हणू नका, ते आम्हाला बरोबर कळतं. त्यांना असं काम द्या जे त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. गच्ची धुऊन सुकली की त्यांच्या हातात लाकडी दांडा द्या आणि सकाळच्या थंडाव्यात कोबा, म्हणजे गच्चीवरचा सिमेंटचा थर, वाजवत फिरू द्या. घट्ट जागी आवाज टणक येतो. जिथे कोबा सुटलाय तिथे बद्द वाजतं. ज्याने ती गच्ची वीस-पंचवीस वर्षं अंगाखांद्यावर वागवली त्याच्या कानाला हा फरक जितका कळेल तितका मुलांच्या कळणार नाही. बद्द जागेवर त्यांनी खडूने फुली मारायची, मुलांनी तिथेच उकरायचं. वजन उचलणं नाही, वाकणं नाही, तासाभराचं काम. तरीही डॉक्टरांना एकदा जिना चढण्याबद्दल विचारून घ्या.

माझ्या दोन्ही मुलांनी दोन वर्षांपूर्वी आमच्या घराचं काम काढलं तेव्हा थोरल्याने माझ्याकडून फक्त एक मागितलं: 'बाबा, कुठे काय गाडलंय ते आठवून सांगा.' कुठून वायर गेली, कुठला नळ बंद केला, कुठे जुनं भोक बुजवलं. मी दोन दिवस वहीत लिहीत होतो. फार बरं वाटलं.

---

रबाळे_लॅब | ११ एप्रिल

मी रंगांच्या रसायनांत काम करते, म्हणून एक महत्त्वाचं. तुमच्या घराच्या दारं-खिडक्यांना जुना ऑइल पेंट असणार. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरतं बांधणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. तो कोरड्या पॉलिश पेपरने घासला की बारीक धूळ उडते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं सगळ्यात जास्त बाधतं.

दिवाळीला चौकटी घासाल तेव्हा पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरने घासा, चांगला मास्क लावा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. आणि नातवंडांना तेवढे दिवस त्या खोलीत येऊ देऊ नका. मे महिन्यात खोलीची भिंत खरवडतानाही त्यांना खालीच ठेवा.

---

खैरणेकरीण | १२ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांना एकत्र फोन लावला आणि सानपाड्याच्या ताईंनी लिहिलं तसंच सांगितलं. मुलगी म्हणाली, 'आई, दोन वर्षं मी वाट बघत होते तू कधी बोलतेस.' मुलाने तिथल्या तिथे रजेचा अर्ज केला. सामान आणि हिशोब सूनबाईने स्वतःहून मागून घेतला.

छताला सळई दिसत नाही, गिलावा फक्त कोपऱ्यात फुगलाय. ह्यांच्या डॉक्टरांनी सावकाश चढायला हरकत नाही म्हणून सांगितलं. ह्यांना अजून दांड्याचं बोलले नाही, १ तारखेलाच सांगेन.

---

साइटवरचा_माणूस | १२ एप्रिल

छान झालं. शेवटी पाणी भरून तपासायचं राहू देऊ नका. पण अंदाजाने भरू नका. ३०० फूट गच्चीवर एक इंच पाणी म्हणजे सातशे लिटर, म्हणजेच सातशे किलो वजन. जुन्या स्लॅबवर इंचभर पुरे. दुसरा हात मारल्यावर डब्यावर दिलेले दिवस वाळू द्या, मग पाइपचं तोंड बंद करून पाणी भरा आणि २४ तास थांबा. खाली फुगलेल्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा.

काढलेलं डेब्रिज गोणीत भरून महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारून द्या. खाडीकाठी तिवरांत टाकायला 'नेतो' म्हणणारे टेम्पोवाले भेटतात, त्यांना देऊ नका.

---

खैरणेकरीण | ४ मे

पहिली फेरी झाली, म्हणून लिहायला बसले.

शुक्रवारी मुलांनी गच्ची धुतली. शनिवारी सकाळी साडेसहाला ह्यांच्या हातात दांडा दिला. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग चपला काढल्या आणि अनवाणी फिरायला लागले. टक, टक, टक. मुलगा मागे खडू घेऊन. कठड्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात आवाज बद्द आला. ह्यांनी परत वाजवलं, थांबले आणि म्हणाले, 'इथे अँटेनाचा पाइप होता.'

आम्ही सगळेच विसरलो होतो. दूरदर्शनच्या अँटेनासाठी ह्यांनीच तो लोखंडी पाइप कोब्यात रोवला होता. केबल आली तेव्हा वरून कापून टाकला, खालचा तुकडा आतच राहिला. मुलाने छिन्नीने उकरलं तर हाताएवढा पाइप निघाला, गंजून पोकळ झालेला आणि आत ओली माती. बरोब्बर त्याच्या खाली खिडकीचा तो कोपरा. गेल्या वर्षीचं काळं ह्याच्यावरूनच फासलं गेलं होतं, आणि पाणी बाजूच्या भेगेतून पाइपात उतरत होतं.

गवंड्याने भोक भरलं, वाटा नवा केला. रोज सकाळ-संध्याकाळ मी पाणी मारतेय. सूनबाईने हार्डवेअरवाल्याकडून दोन डबे जास्तीचे येऊ दिले नाहीत, सगळं मोजून आणलं. मुलगी शनिवारी परत येते, दोन्ही हात ती आणि सूनबाई मारणार आहेत. जाळी कापून ह्यांनी आत्ताच गुंडाळून ठेवलीय, प्रत्येक तुकड्यावर कुठला कोपरा ते पेनने लिहून.

---

खैरणेकरीण | १७ मे

काल सकाळी सातला पाणी भरलं. खाली कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरलं होतं. रात्री हे तीनदा उठून बॅटरी घेऊन बघून आले, मी अडवलं नाही. आज सात वाजता मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला, मुलगी आधीच जोडलेली. ह्यांनी कागद उचलून दोघांना दोन्ही बाजूंनी दाखवला. कोरडा होता.