'संपन्न झाला' आणि 'पार पडला': भाषणातील शब्द आणि वक्त्याचा सामाजिक स्तर

'संपन्न' म्हणजे श्रीमंत, तेव्हा 'कार्यक्रम संपन्न झाला' हा प्रयोग चूक आहे, असे ठामपणे सांगितले जाते. वस्तुतः संस्कृतात 'पूर्ण झालेला, सिद्धीस गेलेला' असाही या शब्दाचा अर्थ आहे, त्यामुळे अर्थाच्या अंगाने त्यात खोट काढता येत नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की घरी नुसते 'झाला' म्हणणारा माणूस ध्वनिक्षेपकासमोर उभा राहताच 'संपन्न झाला' का म्हणतो.

व्यासपीठ ज्याला पिढीजात आपले वाटते, तो वक्ता 'असं', 'केलं', 'तुम्हाला' असे सहज बोलून जातो आणि त्याचे बोलणे 'ओघवते' ठरते. ज्याच्या बोलीची आजवर टिंगलच झाली, तो मात्र 'असे', 'केले', 'आपणास', 'मनोगत व्यक्त करतो' यांचा आधार घेतो. 'पानी', 'लोनी' म्हणणाऱ्या घरातला वक्ता प्रत्येक 'ण' जपून उच्चारतो आणि त्या जपणुकीतच कधी 'अनुभवा'चा 'अणुभव' होऊन बसतो. श्रोत्यांच्या लक्षात राहतो तो नेमका तेवढाच शब्द. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांच्या न्यूयॉर्कमधील इंग्रजीविषयीच्या, १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले: अतिशय सावधपणे बोलताना कनिष्ठ मध्यमवर्गीय माणसे स्वरानंतरचा 'र' स्पष्ट उच्चारण्यात, जे तिथे प्रतिष्ठेचे मानले जाई, उच्च मध्यमवर्गालाही मागे टाकत.

म्हणून जडजंबाल संस्कृतप्रचुर भाषा ही वरच्या वर्गाची खूण, हा समज मला पटत नाही. पुष्कळदा ती हसू होण्याच्या धास्तीची खूण असते आणि ती धास्ती निराधारही नाही. जोतीराव फुले यांच्या लेखनावर टीका करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी व्याकरणाच्या चुकांवरही बोट ठेवले होते. फुल्यांचे म्हणणे काय होते, यापेक्षा ते कसे लिहितात याचीच चर्चा काही वर्तुळांत अधिक रंगली. आजही आभारप्रदर्शन करणाऱ्या तरुणाच्या उच्चारावर पहिल्या रांगेत नजरानजर होते, हे दुःखद आहे.

राहता राहिला मूळ प्रयोग. लेखी अहवालात 'संपन्न झाला' खुशाल लिहावे. बोलताना मात्र 'पार पडला' हा शब्दप्रयोग मला अधिक सरस वाटतो, कारण तो घरातही चालतो, सभेतही शोभतो आणि उच्चारताना कोणालाही जीभ सांभाळावी लागत नाही.