'पार्श्वभूमीत' पळापळ चालू असते, की 'मागे'?

कातरवेळ:
अन्यायाविरुद्धच्या म्युझिक व्हिडिओंवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय, एका वाक्यावर गाडं अडलंय. विषय अमेरिकी रॅपर चाइल्डिश गँबिनोचा 'धिस इज अमेरिका' (2018, दिग्दर्शक हिरो मुराई). तो आणि शाळेच्या गणवेशातली मुलं पुढे नाचताहेत. मागे लोक धावताहेत, पोलिसांची गाडी आहे, एक जण वरून खाली पडतो, पांढऱ्या घोड्यावरून कुणीतरी जातं. मी लिहिलं, 'पार्श्वभूमीत दंगल चालू असते.' मुद्रितशोधकांनी त्याचं 'दंगलीच्या पार्श्वभूमीवर तो नाचतो' केलं. आता वाचणाऱ्याला वाटेल, शहरात दंगल झाली म्हणून याने नाच बसवला. चौकटीतल्या मागच्या भागाला नेमका मराठी शब्द कोणता?

मोडीप्रेमी:
मुळात 'पार्श्वभूमी' हाच शब्द चुकला आहे. पार्श्व म्हणजे कूस, बाजू. पर्शु म्हणजे बरगडी, तिच्यावरून तो आला. पाठीला पृष्ठ म्हणतात. हिंदीने 'पृष्ठभूमि' घेतला तो बरोबर, आपणही तोच घ्यावा.

तिसरी घंटा:
मोडीप्रेमी, मराठीत पृष्ठभाग म्हणजे डोळ्यांना दिसणारा वरचा थर. पाण्याचा पृष्ठभाग, चंद्राचा पृष्ठभाग. 'पृष्ठभूमी' लिहिलं तर वाचक नेमकं उलटं समजेल. आणि पार्श्वगायकाला कुणी बाजूला शोधत नाही. शब्द रुळला की व्युत्पत्तीचा धाक संपतो.
कातरवेळ, तुमची अडचण प्रत्ययात आहे. 'च्या पार्श्वभूमीवर' हा प्रयोग वर्तमानपत्रांनी 'च्या निमित्ताने' या अर्थी घट्ट करून टाकलाय: 'निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर बंदोबस्त'. त्यामुळे तुम्ही 'पार्श्वभूमीत' लिहिलं तरी सवयीचा हात ते 'वर' करणारच. सरळ 'मागे' लिहा.

लेन्सकॅप:
'मागे' पुरेसं नाही, कारण मागचं दिसतं की नाही यावरच हा व्हिडिओ उभा आहे. 85 मिमीची लेन्स एफ/2 वर, म्हणजे छिद्र मोठं उघडून, लावली तर चेहरा स्वच्छ येतो आणि मागचं सगळं विरघळतं. 25 मिमीच्या आसपासची लेन्स एफ/8 वर, म्हणजे छिद्र बारीक करून, नेली तर नाचणारा आणि त्याच्यामागचा तीस-चाळीस फुटांचा पल्ला एकाच वेळी वाचता येतो. एफ/2 वरून एफ/8 ला जायचं तर प्रकाश सोळापट लागतो, म्हणून गोदामासारख्या जागेत हे फुकट होत नाही. कुणीतरी ठरवून केलेलं असतं.
आता गंमत पाहा. मागचं ओळखू येतं, तरी नजर तिकडे जात नाही. नाचणारा चौकटीच्या मध्यावर आहे, कॅमेऱ्याच्या जवळ आहे आणि कॅमेरा त्याच्याच चालीने सरकतो. मुलांच्या ओळखीच्या नाचाने उरलेलं लक्षही बांधून ठेवलंय. घोडा बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दिसतो. अन्यायाबद्दल जे म्हणायचंय ते इथेच म्हटलंय: समोर आहे आणि पाहिलं जात नाही. शेवटी अंधाऱ्या बोळातून तो जिवाच्या आकांताने पळतो, तिथे पाठलाग करणारे मात्र पुसट आहेत. एका व्हिडिओत दोन तऱ्हेचे 'मागे' आहेत आणि आपल्याकडे शब्द एकच.

वाटसरू:
'पिछाडी' का नको? वाड्याची पिछाडी, फौजेची पिछाडी. घोडा बांधायच्या दोरांनाही अगाडी-पिछाडीच म्हणत. 'चौकटीच्या पिछाडीला लोक पळत असतात.' शब्द आपला आहे आणि जागाच दाखवतो.

तिसरी घंटा:
जागा दाखवत होता. आज 'पिछाडीवर' म्हटलं की मतमोजणी आठवते. तुम्ही 'पार्श्वभूमीवर'च्या खड्ड्यातून निघून दुसऱ्या खड्ड्यात पडताय.

वाटसरू:
प्रत्यय बदलला की अर्थ बदलतो, हे तुम्हीच वर सांगितलंत. 'पिछाडीला' आणि 'पिछाडीवर' वेगळे.
आणखी एक. मागे-पुढे हा भेद प्रत्येक चित्रात असतोच असं नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप गटाचं 'द वारली रिव्होल्ट' (2019) आरेच्या जंगलावर आहे, त्यात आरेचे प्रकाश भोईर आहेत. आता वारली चित्राची रीत आठवा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि माणूस, झाड, बैल सगळे एकाच पातळीवर. कोणी जवळ म्हणून मोठा आणि कोणी दूर म्हणून पुसट, असं नाही. तिथे 'बॅकग्राउंड' म्हणजे ती तांबडी भुई. 'पार्श्वभूमी' हा शब्द तिला लागूच पडत नाही, 'जमीन' पडतो. लाल जमिनीवर पांढरं काम, असं कापडाबद्दल म्हणतात तसं.

जुनी पाटी:
सगळे 'मागे'वर भांडताय, आणि 'दंगल' तशीच राहिली. दंगल म्हटलं की लोक दंगलखोर ठरतात. या व्हिडिओत मागे माणसं पळताहेत आणि पोलीस आहेत. पुढे जो गोळ्या घालतो तो तर नाचणाराच आहे. आधी बसलेल्या एका माणसाच्या डोक्यात, मग गाणाऱ्या कॉयरवर. कॉयरवरच्या गोळीबारात अनेकांनी 2015 चं अमेरिकेतलं चार्ल्सटन पाहिलं, तिथे चर्चमध्ये 9 कृष्णवर्णीय माणसं मारली गेली होती. आणि दोन्ही वेळा बंदूक लाल कापडात अलगद घेतली जाते, पहिल्या माणसाचं प्रेत मात्र फरफटत नेतात. हे पाहून मागच्या लोकांना दंगलखोर ठरवणारा शब्द वापरू नका. 'पळापळ' लिहा.

कातरवेळ:
जुनी पाटी, हे पटलं. 'दंगल' काढला. आता पुढची अडचण. लेखात 'सिंगल टेक' आहे, त्याला 'अखंड चित्रण' चालेल का?

लेन्सकॅप:
नाही, कारण तो एकच टेक नाही. काही लांब टेक आहेत आणि जोड जाणवू नयेत अशी मांडणी आहे. 'सलग भासणारं' लिहा.
जोड लपवायची रीत अशी. कॅमेरा खांबाच्या किंवा कुणाच्या पाठीच्या इतका जवळ न्यायचा की चौकट क्षणभर झाकली जाते, आणि पुढचा टेक तिथूनच उचलायचा. नाहीतर कॅमेरा झटक्यात वळवायचा आणि त्या पुसट फरकाट्यात कापायचं. फसतं ते बहुधा तीन कारणांनी. दोन्ही टेकमध्ये वळण्याचा वेग वेगळा पडतो, मग फरकाट्याची लांबी जुळत नाही. सेकंदाला 24 चौकटी आणि 180 अंशांचं (म्हणजे निम्मा वेळ उघडं राहणारं) शटर असेल तर प्रत्येक चौकट 1/48 सेकंद उघडी असते, दुसऱ्या टेकला शटर बदललं की डोळ्याला लगेच खटकतं. किंवा मधल्या वेळात ऊन सरकतं आणि सावली उडी मारते.

मोडीप्रेमी:
याला मराठीत तयार शब्द आहे: रफू. रफूगर त्याच कापडाच्या शिवणीतून धागा काढतो आणि ताण्याबाण्यात विणतो. दुसरा धागा घेतला तर रंग जुळला तरी झळाळी जुळत नाही. तुम्ही सांगितलेल्या चुका त्याच आहेत.

वाटसरू:
पार्श्वभूमीला संस्कृतात पास-नापास करणारे तुम्ही, आणि 'रफू' फारसी आहे.

मोडीप्रेमी:
माझा आक्षेप परकेपणावर नव्हता, चुकीच्या अर्थावर होता. रफू ज्या कामाला म्हणतात त्याच कामाला मी म्हणतोय.

तिसरी घंटा:
रफू मान्य. पण मग उघड्या जोडाला काय म्हणाल? मायकल जॅक्सनच्या 'दे डोन्ट केअर अबाउट अस'चे (1996, दिग्दर्शक स्पाइक ली) दोन व्हिडिओ आहेत. एक ब्राझीलमधल्या साल्वादोर आणि रिओच्या डोना मार्ता वस्तीत चित्रित झाला, ओलोडुम या गटाच्या ढोलवाल्यांसह. दुसरा तुरुंगातला, त्यात मारहाणीची आणि हिंसेची खरी दृश्यं मध्ये मध्ये घातलीत. ती दृश्यं वेगळ्या कापडाची आहेत हे दिसलंच पाहिजे, रफू केलं तर सगळं फसेल. ते 'ठिगळ' आहे.

जुनी पाटी:
ठिगळ नको. मराठीत ठिगळ दारिद्र्याचं आणि हलक्या कामाचं. ज्या माणसाला रस्त्यावर मारलं त्याच्या चित्राला ठिगळ म्हणायचं?

तिसरी घंटा:
ठिगळात हलकं काय आहे? फाटलं होतं हे ते झाकत नाही, म्हणूनच तो शब्द सुचवला. गोधडी सगळी ठिगळांचीच असते आणि ती कुणी हलकी मानत नाही.

जुनी पाटी:
गोधडीत तुकडे असतात. 'तुकडा' म्हणा.

लेन्सकॅप:
संकलनाच्या खोलीत 'तुकडा' प्रत्येक शॉटला म्हणतात, त्यामुळे भेद राहणार नाही.

कातरवेळ:
मजकूर उद्या द्यायचाय. सध्या असं ठेवलंय: 'तो पुढे नाचत असतो, मागे, स्पष्ट दिसेल अशी, पळापळ चालू असते.' तुरुंगातल्या व्हिडिओच्या परिच्छेदात जागा रिकामी सोडलीय.

मोडीप्रेमी:
'स्पष्ट दिसेल अशी' हे शेपूट लावावं लागलं, कारण 'मागे' एकटा पुरत नाही. 'पृष्ठभूमी'चा पुन्हा विचार करा.

वाटसरू:
'पिछाडीला' लिहून पाहा एकदा. आणि ठिगळाबद्दल तिसरी घंटा यांच्या बाजूने माझं मत.