मदत हवी आहे: वडील उत्पन्न लपवत असतील, तर मुलाची पोटगी वाढवून कशी मिळवावी?

गोदाकाठ:
माझ्या मुलाच्या पोटगीत वाढ मिळावी म्हणून मी अर्ज केला आहे, परंतु त्याच्या वडिलांनी प्रतिज्ञापत्रात ‘शेतमजुरी, मासिक ९,००० रुपये’ एवढेच लिहिले आहे. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, हे गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. मिळणाऱ्या ४,००० रुपयांत शाळेची फी आणि रिक्षाचे भाडेसुद्धा भागत नाही. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे, तेव्हा कृपया लवकर आणि नेमके सांगावे.

निफाडकर:
ताई, मूळ आदेश कोणत्या कलमाखाली व कोणत्या वर्षी झाला, तो संमतीने झाला होता का, मुलाचे वय किती आणि बाग नक्की कोणाच्या नावावर आहे? एवढे कळल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजापलीकडे जाणार नाही.

पंचवटीचे आजोबा:
माझ्या पुतणीच्या वेळी दोन्हीकडची वडीलधारी माणसे एकत्र बसवली आणि एका दुपारी रक्कम ठरली. न्यायालयात वर्षे निघून जातात आणि तोवर मूल मोठे होते. आधी बैठक बोलवा, असे मी कळकळीने सांगतो.

गोदाकाठ:
आजोबा, तशी बैठक दोनदा झाली आणि दोन्ही वेळा ‘अवकाळीने बाग गेली’ हेच उत्तर मिळाले. निफाडकर, आदेश २०१९ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाला, तो संमतीचा नाही. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, आज तेरा वर्षांचा आहे. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा तिकडे गेला होता, तेव्हा त्याने झेंडूची माळ घातलेल्या नव्या ट्रॅक्टरवर बसून काढलेला फोटो आणला. तो न्यायालयात देऊ का?

सिन्नरची वकील:
फोटो देऊ नका. वडिलांच्या घरी आनंदाने काढलेला फोटो आपल्याच वडिलांविरुद्ध वापरला गेला, हे त्या मुलाला कायमचे बोचेल, आणि ट्रॅक्टर कोणाचा हे फोटोवरून सिद्धही होत नाही. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. रकमेतील बदलासाठी कलम १४६ असून त्यात परिस्थिती बदलल्याचा पुरावा द्यावा लागतो. सात वर्षांच्या मुलाचा आणि तेरा वर्षांच्या मुलाचा खर्च हाच तुमचा पहिला बदल आहे, म्हणून फीच्या पावत्या वर्षवार लावा. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले आहे. त्यांचे प्रतिज्ञापत्र त्या नमुन्यात आहे का, बँक खात्यांचा रकाना भरला आहे का, हे आधी पाहा.

मखमलाबादी:
एवढे कशाला? माहितीच्या अधिकारात त्यांची आयकर विवरणपत्रे मागवा.

निफाडकर:
या सल्ल्याने ताईंचे पंधरा दिवस वाया जातील. दुसऱ्याचे विवरणपत्र वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले जाते, आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नसल्यामुळे त्यांनी ते भरलेलेच नसण्याचा संभव अधिक आहे. मी स्वतः द्राक्षे पिकवतो, म्हणून सांगतो की पैशाचा माग बागेच्या सौद्यात लागतो. व्यापाऱ्याची हिशोबपट्टी कोणाच्या नावाने निघते, औषधांच्या दुकानात उधारी कोणाच्या नावावर लिहिली जाते, रक्कम कोणाच्या खात्यात जमा होते, हे विचारावे. सातबाऱ्यातील ‘बारा’ म्हणजे पिकांची नोंद असते. तिथे द्राक्षाखालील क्षेत्र दिसेल. ‘अवकाळीने बाग गेली’ हे खरे असेल, तर पंचनामा दाखवावा लागेल. तशी वर्षे आम्हीही सोसली आहेत, त्यामुळे ते म्हणणे सरसकट खोटे मानू नका.

जेलरोड:
थकबाकी असेल, तर देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

गोदाकाठ:
थकबाकी नाही, ४,००० रुपये वेळेवर येतात. प्रश्न वाढीचाच आहे. सातबारा आत्ताच महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर पाहिला. पिकात द्राक्षे आहेत आणि इतर हक्कांत बँकेचा १२ लाखांचा बोजा आहे. महिन्याला ९,००० रुपयांच्या मजुरीत कर्ज फिटते कसे?

सिन्नरची वकील:
हीच कडी पकडा. कर्ज मागताना माणूस उत्पन्न कमी सांगत नाही. ट्रॅक्टरचे किंवा बागेचे कर्ज त्यांनी घेतले असेल, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर बँकेची कर्जाची फाइल न्यायालयामार्फत मागवण्याचा अर्ज याच तारखेला द्या. वकिलांची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पंचवटीचे आजोबा:
मुलाला फोटोपासून दूर ठेवा, हे मात्र मला पटले.

निफाडकर:
ताई, बोजाच्या नोंदीशेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे सातबाऱ्यात झालेल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक, असेल. त्या फेरफाराची नक्कल तलाठी कार्यालयातून काढा आणि कर्ज सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर आहे की दोघांच्या, ते इथे कळवा.