मदत हवी आहे: वहिनीचा दवाखाना आणि नगरसेवकपद, दोन्ही जमेल का?

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी एमबीबीएस आहे. वडगाव बुद्रुकला तिचा स्वतःचा दवाखाना आहे आणि तो चांगला चालतो. आता एका पक्षाचे लोक मागे लागलेत, महापालिकेला उभ्या राहा म्हणून. पेशंटच्या बाकावर पांढऱ्या शर्टातले चौघे तासतासभर बसतात आणि तापाने फणफणलेली पोरं बाहेर पायरीवर. वहिनी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. दादाचं म्हणणं, दवाखान्याला कुलूप लागेल. आई मात्र जाम खूश.

डॉक्टर राजकारणात गेल्याची उदाहरणं तशी ढीगभर आहेत. बिधानचंद्र रॉय १९४८ ते १९६२ पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, तरी पेशंट तपासत. पण ते बिधानबाबू! शिरूरचे खासदार अमोल कोल्हेही एमबीबीएस, पण त्यांना घराघरांत पोचवलं ते मालिकांनी. भागवत कराड लहान मुलांचे सर्जन, औरंगाबादचे महापौर झाले आणि २०२१ मध्ये केंद्रात अर्थ राज्यमंत्री. महापालिकेतून गेलेले, म्हणून हे आम्हाला त्यातल्या त्यात जवळचे. आपल्या पुण्यातले बाबा आढाव डॉक्टर आणि नगरसेवकही, पण ते पुढे प्रॅक्टिस सोडून हमाल पंचायतीचेच झाले. दादा नेमकं हेच उदाहरण तोंडावर फेकतो.

खरा घोळ फ्लेक्सचा. कार्यकर्त्यांनी नमुना पाठवलाय: नावापेक्षा 'डॉ.' मोठं, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली दवाखान्याचा पत्ता आणि 'मोफत तपासणी शिबिर'. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. पुण्यात फ्लेक्सशिवाय उमेदवार कोणी पाहिलाय? मग फ्लेक्सवर डिग्री लिहिली तर चालते, की दवाखान्याचा पत्ता काढला की भागतं? कोणाच्या ओळखीच्या डॉक्टरची यावरून कौन्सिलकडे तक्रार झाली आहे का? आणि निवडणूक जाहीर झाल्यावर ती नेहमीसारखे गरिबांचे पैसे सोडून देत राहिली, तर विरोधक त्याला मतदारांना आमिष म्हणतील का?

दुसरं, घरात कोणी डॉक्टर-नगरसेवक असेल तर सांगा, ओपीडी कशी सांभाळतात? सकाळी पेशंट आणि संध्याकाळी प्रभाग, हे कागदावर छान दिसतं. पण नळाला पाणी नाही म्हणून सकाळी सातला येणारे फोन कोण घेणार? बदली डॉक्टर ठेवला तर जुने पेशंट टिकतात का?

वकिलाला विचारणारच आहोत, आधी अनुभव हवेत. कुठला पक्ष ते विचारू नका, धागा भरकटेल.