मदत हवी आहे: बिझनेस इकॉनॉमिक्ससाठी एवढं कर्ज काढावं का?

बाबा_माणूस
लेकीला बिझनेस इकॉनॉमिक्सची ऑफर आली आहे. चार दिवसांत हो-नाही कळवायचंय. तीन वर्षांनी अंगावर कर्ज साठ हजार, आणि सुरुवातीचा पगार म्हणे तीस. पगाराच्या दुप्पट कर्ज! आमच्या घरात कुणी वाण्याची उधारीही महिन्यापलीकडे ठेवली नाही. ती म्हणते, "बाबा, हे कर्ज तसलं नसतं." मग कसलं असतं? 'शिक्षण अनमोल आहे' वगैरे नको, हिशेब हवाय. लवकर सांगा.

गोदाकाठ
साठ हजारांसाठी एवढं काय? सरळ सरकारी बँकेत जा. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, शिक्षण चालू असताना हप्ता नसतो. व्याजाची आयकरात ८०ई कलमाखाली वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली घेतलीत तरच. भाच्याचं कर्ज मी स्वतः उभं राहून मंजूर करून घेतलंय, कागदपत्रांची यादी देतो.

केतकी_
दादा, हे रुपये वाटत नाहीत. इंग्लंड का? देश, व्हिसा, लेक घरून जाणार की बाहेर राहणार, काहीच लिहिलं नाहीत तुम्ही.

बाबा_माणूस
इंग्लंडच. पाउंड. मला वाटलं कळेल. येत्या सप्टेंबरला, २०२५ ला, सुरू होईल. बाहेर राहणार.

केतकी_
आणि व्हिसा? हे सगळ्यात आधी. वर्क व्हिसावर असाल तर सरकारी कर्ज विसरा, फी सुद्धा परदेशी विद्यार्थ्याची लागेल. पहिलं वर्ष सुरू व्हायच्या आत आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, हातात हवी आणि त्याआधीची तीन वर्षं इथे वास्तव्य हवं.

बाबा_माणूस
आयएलआर मागच्या वर्षी मिळालं, तिघांनाही. नऊ वर्षं झाली इथे. आता मुद्द्याचं बोला.

भटकी
काका, मी हे कर्ज फेडतेय, म्हणून सांगते. बँकेचा हप्ता डोक्यातून काढा. माझी पेस्लिप समोर आहे: टॅक्स, त्याखाली नॅशनल इन्शुरन्स, त्याखाली स्टुडंट लोन, ४१ पाउंड. पगार वर्षाला ३४ हजार. कर्ज पन्नासच्या वर आहे, पण कापतात ते कर्जावर नाही, पगारावर. माझ्या प्लॅन २ ला (प्लॅन म्हणजे कर्जफेडीच्या नियमांचा गट) २८,४७० च्या वरच्या रकमेचे ९ टक्के. मध्ये पाच महिने नोकरी नव्हती, तेव्हा एक पेनी गेली नाही आणि कुणाचा फोनही आला नाही.

हिशेबनीस
भटकीताई, अर्धंच सांगितलंत. यांची लेक प्लॅन ५ मध्ये येणार, ऑगस्ट २०२३ पासून सुरू करणारे सगळे त्यात. तिथे मर्यादा २५ हजार. त्याच ३४ हजारांवर तिचे महिन्याला साडेसदुसष्ट जातील. तुमचं तीस वर्षांनी माफ होतं, तिचं चाळीस वर्षांनी. म्हणजे साठीपर्यंत पगारातून कपात. व्याज फक्त आरपीआयइतकं, म्हणजे महागाई दराइतकं, हे त्यातल्या त्यात बरं. माझं मत स्पष्ट आहे: साठवलेले पैसे असतील तर फी रोख भरा.

भटकी
अजिबात नको! उद्या तिने कमी पगाराचं काम घेतलं, मूल झाल्यावर चार वर्षं घरी राहिली, तर कर्ज आपोआप थांबतं आणि शेवटी माफ होतं. तुम्ही भरलेले रोख पैसे कोण परत देणार? ते तिच्या पहिल्या घराच्या डिपॉझिटला ठेवा.

हिशेबनीस
आणि चांगला पगार लागला तर? तर ती सगळी मुद्दल व्याजासकट फेडणार. मुलगी कमावणार नाही असं धरून हिशेब करायचा का?

केतकी_
भांडण नंतर. दादा, साठ हजार आणले कुठून? फी ९,५३५, तीनदा म्हणजे २८,६०५, वाढली नाही असं धरून. उरलेले राहण्याचं कर्ज पूर्ण मिळेल असं समजून धरलेत. ते पूर्ण फक्त घरचं उत्पन्न २५ हजारांच्या आत असेल तर. तुम्ही दोघं कमावता?

बाबा_माणूस
हो, दोघंही. हे लिहायचं राहिलं.

केतकी_
मग बहुधा किमान रकमेच्या जवळपास मिळेल, लंडनबाहेर वर्षाला ४,९१५. कर्ज साठ नाही, ४३-४४ हजार. पण खोलीचं भाडं आणि जेवण यांतली उरलेली तूट तुमच्या खिशातून. तुमचे साठवलेले पैसे तिथेच लागतील, फीचा वाद कशाला?

आजोबा_लीड्स
डिग्री अॅप्रेंटिसशिप बघा, नोकरी करता करता पदवी, फी नाही, उलट पगार. आणि आमच्या वेळी तर फीच नव्हती, १९९८ ला सुरू झाली.

बाबा_माणूस
आजोबा, ऑफर हातात आहे आणि चार दिवस आहेत. पगाराचं कोणी बोलेल का?

सरिता_म
मी बोलते. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या इथल्या संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालात दर पाच पदवीधरांमागे एकाला पदवीने पैशाच्या दृष्टीने तोटाच, पण अर्थशास्त्र सर्वाधिक फायद्याच्या विषयांत. मात्र बिझनेस इकॉनॉमिक्स म्हणजे तेच, असं समजू नका. काही ठिकाणी ते गणितासकट अर्थशास्त्र असतं, काही ठिकाणी मॅनेजमेंटला नुसतं नाव. डिस्कव्हर युनी या कोर्सची तुलना करायच्या वेबसाइटवर त्याच कोर्सचा १५ महिने, ३ आणि ५ वर्षांनंतरचा पगार बघा. कोर्स छोटा असेल तर आकड्यात इतर कोर्स मिसळलेले असतात, खालची टीप वाचा. आणि विषयांची यादी उघडा: इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायचा विषय, सक्तीचं आहे का? सरकारी अर्थतज्ज्ञांच्या सेवेत जायचं तर पदवीत निदान निम्मं अर्थशास्त्र लागतं, मायक्रो आणि मॅक्रो दोन्ही. प्लेसमेंटचं वर्ष, म्हणजे पदवीच्या मध्ये कंपनीत कामाचं वर्ष, आहे का तेही विचारा, त्या वर्षाला फी पूर्ण फीच्या २० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

गोदाकाठ
यादी टाकू का मग?

बाबा_माणूस
गोदाकाठ, नको, धन्यवाद. सरिताताई, आत्ता लेकीला बसवून यादी उघडली. इकॉनोमेट्रिक्स दुसऱ्या वर्षी ऐच्छिक आहे. प्लेसमेंट आहे. तीच म्हणाली, "मी इकॉनोमेट्रिक्स घेणार, तुम्ही काळजी करू नका." उद्या ती विभागाला फोन करून विचारणार आहे की घेतलेल्यांपैकी किती जणांना प्लेसमेंट मिळते. उत्तर आलं की इथेच लिहितो. फी रोख भरायचा विचार सोडला. हिशेबनीस, रागावू नका.