युनियनचे अनुभव: तुमच्या घरचे, गावचे

वैनगंगाकाठ
काल आईची पत्र्याची पेटी आवरताना तिचं बिडी कामगाराचं कार्ड सापडलं. फोटो पुसला गेलाय, शिक्का तेवढा ठळक. आम्ही भंडारा जिल्ह्यातले. दुपारी गल्लीतल्या ओसरीओसरीवर बाया मांडीवर सूप घेऊन बसायच्या. भिजवलेला तेंदूपत्ता फर्म्याने कापायचा, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. हजार बिडी व्हायला दिवेलागण व्हायची. मग सट्टेदार, म्हणजे बिडी गोळा करणारा ठेकेदार, त्यातून मूठभर खराब म्हणून उचलायचा, "ही छाट." छाटीची मजुरी नाही, आणि बिडी परतही देणार नाही! युनियनच्या बाईने सांगितलं, छाट असेल तर आपल्यासमोर मोडायला लावा. दुसऱ्या दिवशी वीस-बावीस जणी एकदम गेल्या. आई सगळ्यात मागे उभी होती, पण होती. त्यानंतर छाट निम्म्यावर आली. पुढे त्याच कार्डावर मला शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. तुमच्याकडचं लिहा ना.

पऱ्हाटी
छाट शब्द किती वर्षांनी ऐकला! मावशीच्या बोटांना जेवतानाही तंबाखूचा वास यायचा. हिवाळ्यात बोटं फाटायची बिचारीची.

बीटमधली_ताई
कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. 4 डिसेंबर 2023ला आम्ही अंगणवाडीच्या बायांनी संपावर जाऊन अंगणवाडीला कुलूप लावलं ते जानेवारी सरत आल्यावर उघडलं. मधे मानधन बंद. किल्ली मागायला माणूस आला तेव्हा आम्ही साऱ्या जणी एकाच घरी जमलो होतो. दिली नाही. एकटी असते तर दिली असती, खरं सांगते. एप्रिल 2022मध्ये सुप्रीम कोर्टाने आम्हाला ग्रॅच्युइटी लागू होते म्हटलं, तरी रस्त्यावर बसावं लागलंच. अजून पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. झाल्या शिट्ट्या.

लालपरी
माझा अनुभव कडू आहे. नवरा एसटीत वाहक. 2021च्या दिवाळीपासून एप्रिल 2022पर्यंत संपामुळे घरी. मागणी होती एसटीचं सरकारात विलीनीकरण करा, ते झालंच नाही. जुनी युनियन एकीकडे, संपातली पोरं दुसरीकडे, आणि मी किराणावाल्याच्या दारात. पोत गहाण टाकली. गावातल्या पोरी शाळेसाठी सहा किलोमीटर पायी जायच्या, त्यांची आई मलाच विचारायची, बस कधी सुरू होते? युनियन पाहिजेच, पण कामावर परत कधी जायचं तेही पुढाऱ्याने आधी बोलावं.

पऱ्हाटी
पोत सुटली का ताई?

लालपरी
हाओ, मागच्या पोळ्याला.

अडत_आवार
मी बाजार समितीत हमाल. 1969चा माथाडी कायदा, म्हणजे आम्हा हमालांसाठीचा, आहे म्हणून माथाडी मंडळात नाव लागलं, मालक मजुरीवर जादा भरतो त्या लेव्हीतून पीएफ जमा होतो. नाव लागायच्या आधी पाठ धरली की घरी बसायचं, संपलं. पण शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधली पोरं हंगामी, बाहेरून आलेली. एकाचा हात रेच्यात, सरकी काढायच्या यंत्रात गेला. दवाखान्यात मीच नेलं, दुचाकीवर मधे बसवून. हाताला पंचा बांधला होता, नाक्यापर्यंत लाल झाला. नंतर कंत्राटदार म्हणे रजिस्टरात या नावाचा कोणी नाहीच. आमच्या युनियनने अर्ज करून दिला, पण तो पोरगा मधेच गावी निघून गेला. त्याच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. वैनगंगाताई, कार्ड जपून ठेवा.

बीटमधली_ताई
अरे देवा. किती वर्षांचा होता?

अडत_आवार
मिशी फुटायची होती.

भोंगा
आजोबा पुलगावच्या मिलमध्ये. भोंगा आमच्या खेड्यापर्यंत ऐकू यायचा, त्यावर आजी चूल पेटवायची. मिल बंद झाल्यावर युनियनचे एक काका थकबाकीची फाईल घेऊन वर्षानुवर्षं कोर्टात जात राहिले. स्वतःच्या खर्चाने.

पऱ्हाटी
तेंदूपत्ता तोडाईला यंदा जातंय का कोणी? आमच्याकडे वाघाच्या भीतीने माणसं एकटी निघत नाहीत.

वैनगंगाकाठ
सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. जिनिंगच्या पोराचं ऐकून जेवली नाही नीट. पऱ्हाटी, ती विचारतेय मावशी कोणत्या गावची? आणि म्हणतेय, बोटांना रात्री जवसाचं तेल लावायचं होतं.